रीफ टँकमधलं शेवाळ हटता हटत नाही? या चुका टाळा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, शेवाळ माजलं की आपला हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. काहीतरी ओतायचं, चार दिवस खडक स्वच्छ दिसतात आणि पंधरवड्यात हिरवे केस, म्हणजे केसांसारखं लांब शेवाळ, पुन्हा डोलायला लागतात. मी हा खेळ बरेच महिने खेळलो. आज मागे वळून पाहिलं तर माझे जे कोरल गेले, ते शेवाळापेक्षा माझ्या उपायांनीच जास्त गेले.

सगळ्या तपकिरी गोष्टींना एकच औषध

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टँकमध्ये तपकिरी काही दिसलं की त्याला सरसकट शेवाळ म्हणायची सवय असते. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर पिठासारखा तपकिरी थर आला, तर ते बहुधा डायटम, म्हणजे सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ. पाण्यातलं सिलिकेट संपलं की ते आपसूक ओसरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. लालसर-जांभळी साय, जी चादरीसारखी अख्खी सोलून निघते, ती सायनोबॅक्टेरियाची. ते जिवाणू आहेत, शेवाळ नव्हेच. आणि शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, रात्री बरेचसे गायब, दिवे लागले की दुपारपर्यंत पुन्हा हजर, शिवाय गोगलगायी मरायला लागलेल्या, असं असेल तर संशय डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांवर घ्यायचा. रीफवाले त्यांना नुसतं 'डायनो' म्हणतात.

ओळख महत्त्वाची, कारण यांचे उपाय एकमेकांच्या उलट जातात. हिरवे केस वाढतात ते पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट आणि फॉस्फेट या पोषकांवर. डायनो मात्र बहुतेकदा ही दोन्ही शून्याला टेकली की डोकं वर काढतात. आता डायनोला साधं शेवाळ समजून कुणी पाणी बदललं, खाणं तोडलं, फॉस्फेट शोषणारं माध्यम वाढवलं, तर त्याचे स्पर्धक उपाशी मरतात आणि डायनोला मैदान मोकळं मिळतं. तिथे पाणी बदलणं थांबवून, नायट्रेट-फॉस्फेट मोजून-मापून थोडं वाढवावं लागतं.

घरगुती चाचणी सोपी आहे. थोडा शेंबूड पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा धागे जमले तर डायनो असण्याची शक्यता मोठी. खात्री करायला चारशे पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक हवा. माझ्या मते ते पैसे कुठल्याही औषधापेक्षा चांगले खर्च होतात, कारण डायनोतही जाती आहेत. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला येतो, म्हणून पाणी ज्यातून फिरवतात त्या यूव्ही (अतिनील) दिव्यात सापडतो. अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच मुक्काम करतो, त्याच्यावर यूव्ही चालवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

टेस्ट किट शून्य दाखवतं, म्हणजे पाणी स्वच्छ

खडकांवर बोटभर केस आणि किटवर फॉस्फेट शून्य. किट खोटं बोलत नसतं. पाण्यात येणारं सगळं शेवाळ आधीच फस्त करत असतं आणि आपण उष्टं मोजत असतो.

आकड्यांतली आणखी एक गल्लत फार होते. काही मीटर फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस दाखवतात, तेही पीपीबीत (अब्जात किती भाग). त्याला 3.07 ने गुणून हजारने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) मिळतं. म्हणजे मीटरवर 33 आलं तर फॉस्फेट साधारण 0.1 पीपीएम. नायट्रेटचंही तसंच: किट नायट्रेट-नायट्रोजन, म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन, मोजत असेल तर आकडा 4.43 ने गुणायचा. हे न कळल्यामुळे चौपट नायट्रेट असलेल्या टँकचा मालक निवांत झोपतो.

शिवाय खडक. फॉस्फेट कॅल्शियम कार्बोनेटला चिकटतं. जुन्या खडकात ते वर्षानुवर्षं साठतं आणि पाण्यातलं प्रमाण घटलं की हळूहळू बाहेर येतं. म्हणून पहिल्या आठवड्यात आकडा खाली येऊन पुन्हा वर चढला तर उपाय फसला असं नाही, खडक रिकामा होतो आहे.

एका दमात फॉस्फेट उपसणं

फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे, म्हणजे जीएफओ, डब्यावर लिहिलंय तेवढे एकदम घातले की फॉस्फेट दोन-तीन दिवसांत कोसळतं. अशानं कोरल फिके पडतात आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) चढी असेल तर एसपीएसची, म्हणजे बारीक पॉलिपच्या कठीण कोरलची, टोकं जळतात. चौथाई मात्रेनं सुरुवात करा. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम यांच्या आसपास टँक आरामात चालतो. शून्य गाठायचंच नाहीये.

टँकमध्येच उपटणं

पंप चालू ठेवून केस उपटले की तुकडे सगळीकडे पोचतात. एका हातात नळी, दुसऱ्या हातानं उपटणं, म्हणजे तुटलेलं थेट बादलीत जातं. खडक बाहेर काढता येत असेल तर खाऱ्या पाण्याच्या बादलीत घासा. मात्र त्यावर पॅलिथोआ किंवा झोॲन्थिड हे मऊ, बटणांसारखे कोरल असतील तर हातमोजे आणि चष्मा घालाच, कारण त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. आणि असा खडक कधीही उकळू नका. त्या वाफेनं माणसं इस्पितळात गेली आहेत.

गोगलगायी आणून सोडल्या की काम झालं, हाही गैरसमजच. लांब केस बहुतेक गोगलगायी खात नाहीत. आधी हातानं छाटून खुंटं ठेवा, मग त्या चरतात. केस नीट पाहिले तर पिसासारखे दिसतात का? मग ते ब्रायोप्सिस, त्याला फारसं कुणी तोंड लावत नाही. त्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध लिटरला सुमारे 5 मिलिग्रॅम या प्रमाणात वापरतात. फिल्टरमधला कार्बन आधी काढून ठेवावा लागतो आणि परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. मरणारं शेवाळ कुजून पोटातलं सगळं पाण्यात परत सोडतं, म्हणून ते सैल पडेल तसं नळीनं ओढून घ्या.

तीन दिवस दिवे बंद ठेवणं हाही असाच अर्धवट उपाय. दिसायला फरक पडतो, पण पुरवठा तसाच राहिला तर शेवाळ परत येतं.

पुरवठा कुठून होतोय?

गोठवलेलं खाणं धुवावं की नाही यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझा अनुभव असा, की धुतल्यानं फार थोडा फरक पडतो, फॉस्फेट त्या खाण्यातच असतं. त्यापेक्षा आरओडीआय पाण्याकडे, म्हणजे आरओ आणि मग रेझिनमधून शुद्ध केलेल्या पाण्याकडे बघा. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य दाखवत असतानाही, रेझिन संपत आलं की सिलिकेट सगळ्यात आधी निसटतं. डायटम वर्षभरानंतर परत आले तर मी पहिल्यांदा रेझिन बदलतो. त्यानंतर सम्पच्या, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या, तळाचा गाळ, आणि खडकामागचा तो कोपरा जिथे प्रवाह पोचतच नाही.

आणि शेवाळ खरंच गेलं की चरणाऱ्यांकडे लक्ष ठेवा. हिरव्या केसांसाठी आणलेला सी हेअर, म्हणजे शेवाळ खाणारी कवच नसल्यासारखी समुद्री गोगलगाय, टँक साफ झाल्यावर उपाशी मरतो, आणि मेला की आणखी घाण करतो. तो काम झाल्याबरोबर दुसऱ्या एखाद्या केसाळ टँककडे रवाना करावा. टर्बो गोगलगायींना काचेवर नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी लावली तरी चालतं.