ओवा वापरायचा कसा: पुरीपासून पुरचुंडीपर्यंत

ओवा विकत घेताना चिमूटभर तळहातावर घ्या, अंगठ्याने चुरडा आणि हुंगा. वास नाकात झणकन गेला पाहिजे. दाणा चावला की जीभ चुरचुरून किंचित बधिर होते, तो ओवा चांगला. नुसताच गवतासारखा लागला तर स्वस्त मिळाला तरी सोडा.

हा झणका थायमॉलचा. ओव्याच्या बारीक रेघांच्या दाण्यात तेलाच्या नळ्या असतात आणि थायमॉल त्या तेलात असतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, गरम तेलात चटकन उतरतं आणि वाफेबरोबर उडून जातं. ओव्याचा सगळा वापर या तीन गोष्टींवर चालतो. म्हणून आधी निवडून, पाखडून काड्या-खडे काढा, पण चुरडा मात्र ऐनवेळी. महिनाभराची पूड करून ठेवलीत, तर डब्यालाच वास लागतो, जेवणाला नाही.

तिखटमिठाच्या पुऱ्यांपासून सुरुवात करा. दोन वाट्या कणकेत एक लहान चमचा ओवा हातावर चोळून घाला. तिखट, मीठ, हळद, थोडे तीळ घाला आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन थेट ओव्यावर ओता. चर्र आवाज आला की वास घरभर होतो. मग घट्ट भिजवा. चकलीला चार वाट्या भाजणीला दोन लहान चमचे पुरतात. जास्त घातलात तर चकली कडवट लागते.

शेवेचं गणित वेगळं. पहिल्यांदा शेव केली तेव्हा मी अख्खा ओवा पिठात मळला. सोऱ्याच्या बारीक चकतीत दाणे अडकले, मी जोर लावला आणि पीठ वरून बाहेर आलं. तेल तापतंय आणि मी सुईने भोकं उकलतेय! तेव्हापासून ओवा भरड कुटून अर्धी वाटी गरम पाण्यात झाकून ठेवते आणि गाळलेल्या पाण्यात बेसन भिजवते. वास तेवढाच येतो, चकतीही मोकळी राहते.

जेवणानंतर चघळायला:

१. शंभर ग्रॅम ओव्याला एका मोठ्या लिंबाचा रस आणि अर्धा चमचा पादेलोण चोळा.
२. दोन-तीन तास झाकून ठेवा.
३. ताटात पसरून सावलीत वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा.
४. लोखंडी तव्यावर मंद आचेवर हलवत राहा. दाणे सुटे झाले, तडतडू लागले की लगेच उतरवा. रंग गडद होईपर्यंत थांबू नका.
५. पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा.

चण्याची उसळ किंवा वांग्याची भाजी खाऊन पोट डब्ब झालं असेल, तर पाव चमचा चावून वर कोमट पाणी प्या. गॅस मोकळा व्हायला मदत होते, हा आपल्या घराघरांतला अनुभव. ओव्याने वजन झपाट्याने उतरतं वगैरे जे फिरतं, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. छातीत जळजळ किंवा अल्सर असेल तर ओवा टाळा, तिखटपणाने त्रास वाढतो. गरोदरपणात फोडणीतली चिमूट ठीक, काढे मात्र डॉक्टरांना विचारूनच.

काढा करायचा तर चमचाभर ओवा कुटून दीड कप पाण्यात पाच मिनिटं मंद उकळा, पण झाकण ठेवून. झाकणाला जमलेले थेंबही कपात झटका, वास त्यांच्यातच असतो.

सर्दीला ओवा तव्यावर गरम करून सुती रुमालात पुरचुंडी बांधा आणि हुंगा. शेकायची असेल तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. लहान बाळाला ती गरम गरम लावू नका. आणि बाळ-बाळंतिणीला बंद खोलीत निखाऱ्यांवरची ओव्याची धुरी देऊ नका, आजी कितीही आग्रह करो. तो धूर बाळाच्या फुप्फुसांना बाधतो.

एक गैरसमज राहिला. कुंडीतल्या ज्या जाड, लुसलुशीत 'ओव्याच्या पानांची' भजी आपण करतो, ते झाड या ओव्याचं नव्हे. त्याच्या पानांना ओव्यासारखा वास येतो म्हणून ते नाव. खऱ्या ओव्याचं रोप शेपूसारखं, बारीक झिरमिळ्या पानांचं असतं. भजी मात्र त्या जाड पानांचीच करा. बेसन पातळसर ठेवा आणि त्यात वेगळा ओवा घालू नका.