‘ओव्हररेटेड’ म्हणताना या चुका टाळा

जेवण आवडलं नाही, ओव्हररेटेड. सिनेमा रटाळ वाटला, ओव्हररेटेड. हा शब्द आपल्या तोंडात आता ‘भिकार’ला पर्याय म्हणून बसलाय आणि पहिली चूक तिथेच होते. कोपऱ्यावरच्या ज्या खानावळीचं नाव कुणी घेत नाही, तिथली आमटी खारट निघाली तर ती खानावळ वाईट म्हणा. ओव्हररेटेड ठरायला आधी लोकांनी तिला डोक्यावर घेतलेलं असावं लागतं. उलट, चांगली गोष्टही ओव्हररेटेड असू शकते. मिसळ झकास आहे, पण तिच्यासाठी दोन तास रांगेत उभं राहावं इतकी नाही, असं म्हणायचं असेल तर शब्द अगदी चपखल बसतो.

या शब्दाच्या पोटात हिशेब आहे. पगाराच्या कागदावर ‘प्रो-रेटा’ वाचतो ना, त्यातला ‘रेटा’ आणि हा ‘रेट’ एकाच लॅटिन मुळाचे. अर्थ, मोजून ठरवलेला वाटा. इंग्लंडमध्ये 1601 च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोटापाण्यासाठी गावोगाव जो कर बसवला, त्यालाही ‘रेट’च म्हणत. आपल्या घरपट्टीसारखी त्याची आकारणी होई. ‘ओव्हररेट’ हे क्रियापद इंग्रजीत रुळलं तेही त्याच सुमारास. म्हणून हा शब्द वापरण्याआधी मनाशी विचारावं: आकारणी कुणी केली, किती केली आणि माझ्या मते ती किती असायला हवी होती? याचं उत्तर देता येत नसेल तर सरळ ‘मला आवडलं नाही’ म्हणावं. ते जास्त प्रामाणिक आहे.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती कौतुक करताना होते. एका निवृत्त शिक्षिकेच्या निरोप समारंभाचं इंग्रजी मानपत्र माझ्याकडे तपासायला आलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘हर कॉन्ट्रिब्यूशन कॅनॉट बी अंडरएस्टिमेटेड.’ भावना खरी होती. पण वाक्य मराठीत उतरवून पाहा: ‘त्यांचं योगदान कितीही कमी लेखलं तरी ते कमी लेखल्यासारखं होणारच नाही.’ म्हणजे योगदान शून्यच! हवं होतं ‘कॅनॉट बी ओव्हरएस्टिमेटेड’, कितीही वाखाणलं तरी थोडंच. किंवा ‘शुड नॉट बी अंडरएस्टिमेटेड’, कमी लेखू नये. ‘कॅनॉट’ आणि ‘शुड नॉट’ यांची गल्लत झाली की सगळं उलटतं. इंग्रजी मातृभाषा असलेलेही इथे सर्रास घसरतात, कारण नकारावर नकार चढला की डोकं गोंधळतं. 2000 साली अमेरिकेत निवडणुकीच्या प्रचारात जॉर्ज डब्ल्यू. बुश ‘अंडरएस्टिमेटेड’ऐवजी ‘मिसअंडरएस्टिमेटेड’ म्हणून गेले होते, तेही याच घसरड्या वाटेवर. शंका आली की वाक्य मराठीत मोठ्याने म्हणून पाहावं. कान लगेच सांगतो.

‘एस्टिमेट’ आणि आदर या अर्थाचा ‘एस्टीम’ हे सख्खे भाऊ आहेत, दोघंही किंमत करण्याच्या लॅटिन क्रियापदापासून आलेले. आपल्याला हे परकं वाटायला नको. ‘भाजीची किंमत’ आणि ‘घरात मला कुणी किंमत देत नाही’ यांत आपणही एकच शब्द राबवतो.

‘ओव्हरव्हॅल्यूड’ मात्र मुख्यतः पैशाच्या बाजारातला शब्द आहे, तो माणसांना किंवा सिनेमांना लावू नये. शेअरचा भाव कंपनीच्या कमाईच्या मानाने फार चढला, किंवा चलनाचा अधिकृत दर त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा वर धरून ठेवला, की तो लागू पडतो. जून 1966 मध्ये सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि डॉलरचा दर 4.76 रुपयांवरून 7.50 रुपये झाला. त्याआधी रुपया ओव्हरव्हॅल्यूड होता, असं म्हणतात ते या अर्थाने.

‘टू ओव्हररेटेड’ म्हणू नका. ‘ओव्हर’मध्ये अति आलंच. आणि क्रिकेटमधला ‘ओव्हर रेट’ तोडून लिहा. तो षटकं टाकण्याचा वेग आहे, कसोटीत तासाला किमान 15 षटकं. जोडून लिहिला की कर्णधाराला दंड कशाबद्दल झाला ते कळतच नाही.

शेवटची चूक व्हॉट्सअ‍ॅपवरची. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा रोमन लिपीत 29 अक्षरांचा शब्द ‘अवाजवी महत्त्व देणे’ या अर्थाने फिरवला जातो. अर्थ नेमका उलटा आहे: एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, काहीच नाही, केस, अशा चार लॅटिन शब्दांची ती माळ आहे, आणि चारही शब्द लॅटिनमध्ये ‘अमक्याला इतकीसुद्धा किंमत देत नाही’ असं म्हणायला वापरत. आपण तिथे फुटकी कवडी म्हणतो.