केमोत तोंड कोरडं पडतं तेव्हा

फेब्रुवारीत माझी पहिली केमो झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी तोंड असं सुकलं की बोलताना जीभ टाळूला चिकटायची. मृग बहाराची संत्री टोपलीभर घरात होती. म्हटलं, नागपूरची बाई अन् संत्र्याला भिते काय! दोन फोडी खाल्ल्या, अन् डोळ्यांतून घळाघळा पाणी. तोंडात मात्र थेंब नाही.

स्तनाच्या कॅन्सरच्या केमोत लाळ कमी होते, घट्ट होते. त्यात उलटी थांबवायच्या आणि ॲलर्जीच्या औषधांनीही तोंड सुकतं. हे समजेपर्यंत मी तांबेच्या तांबे पाणी पीत होते. पोट तुंबायचं, तोंड पाचव्या मिनिटाला पुन्हा कोरडं. ही तहान नाही, लाळेची कमी आहे. म्हणून घटाघटा पिऊ नका. लहान बाटली सतत जवळ ठेवा, घोट घ्या, तोंडभर फिरवा, मग गिळा. गोळी घ्यायच्या आधीही एक घोट, नाहीतर ती घशातच बसते. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर दिवसाला किती पाणी चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या.

खरा आधार मला गुळण्यांचा झाला. सकाळी एक लिटर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात सपाट एक चहाचा चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ. खायचाच सोडा हं, बेकिंग पावडर नाही. माझ्या सुनेने पहिल्या दिवशी तीच आणली होती. जेवणानंतर, झोपताना, आणि मधे दोन-तीनदा गुळणी करून थुंकून टाकायची. पाणी रोज ताजं. बाजारातल्या झणझणीत माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, त्याने तोंड आणखी सुकतं. तो बाथरूममधून काढूनच टाका.

ब्रश सगळ्यात मऊ घ्या, पेस्ट फ्लोराइडची. लाळ नसली की दात पटकन किडतात, त्यामुळे जमलं तर केमो सुरू व्हायच्या आधीच दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या. मधेच दात काढायची वेळ आली तर आधी केमोच्या डॉक्टरांना विचारा. आणि ज्या बाया गुडाखू लावतात किंवा लपूनछपून खर्रा खातात, त्यांनो, मी तुम्हाला रागावत नाही. माझी सासूही गुडाखूच लावायची. पण सोलवटलेल्या तोंडावर तो तंबाखू म्हणजे आगच आहे.

खाण्याचं सांगते. तर्री-पोहे विसरा, सावजी रस्सा तर विसराच. सुका चिवडा, टोस्ट, कडक भाकरी तोंडात नुसती फिरत राहते. मला ज्वारीच्या कण्या गेल्या, पातळ मुगाची खिचडी वर तूप सोडून, वरणात कुस्करलेली भाकरी. सगळं कोमट. चहा-कॉफी दिवसातून एकदा, कारण त्यानेही तोंड सुकतं. बिनसाखरेचं च्युइंगम चघळलं की थोडी लाळ सुटते. या वयात च्युइंगम चघळते म्हणून नातू हसायचा, हसू दे. तोंड आलेलं नसेल तर लिंबाचे दोन थेंब पाण्यात चालतात. आलेलं असेल तर माझं संत्रं आठवा.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की इथे नाकसुद्धा सुकतं. एसीने माझा त्रास वाढायचा. कूलरची ओली हवा बरी वाटली, फक्त झोत तोंडावर नको आणि टाकीतलं पाणी वरचेवर बदलायचं. ओठांना दिवसभर व्हॅसलीन. बर्फ चोखायचा तर उकळून गार केलेल्या पाण्याचा, घरचा. रसवंतीचा बर्फ आणि उघड्यावरचा रस केमो संपेपर्यंत बंद, कारण त्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असतात.

रोज सकाळी उजेडात आरसा घेऊन जीभ आणि गालांची आतली बाजू बघा. पांढरे चट्टे दिसले, फोड आले, रक्त आलं किंवा पाणीही गिळवेना, तर डॉक्टरांना फोन करा. चट्टे बुरशीचे असू शकतात, त्यावर औषध आहे. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन. आधी पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबू नका. मी एकदा सकाळपर्यंत थांबले, अन् पाच दिवस दवाखान्यात पडून राहिले.

केमो संपल्यावर लाळ लगेच येत नाही, काही आठवडे जातात. माझी आठवी केमो जुलैच्या सुरुवातीला झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतून मारबत निघाली, रोगराई गावाबाहेर नेणारा आमच्याकडचा पुतळा तो; गर्दीत जायची हिंमत नव्हती म्हणून गॅलरीत उभी राहिले. ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणून पोट्ट्यांसोबत तासभर ओरडले. आत आले तेव्हा पाहिलं, पाण्याची बाटली ओट्यावर तशीच भरलेली होती.