ऑटोमॅटिक पिकअपचा गिअर उशिरा पडतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

मुंबईत हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर आठवड्याभरातच माझ्या ऑटोमॅटिक पिकअपचं वागणं बदललं. तिसऱ्यातून चौथा गिअर पडायलाच तयार नाही. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा तीन हजारांच्या पुढे, इंजिन ओरडतंय आणि मागचे हॉर्न वाजवतायत. पहिल्या गॅरेजमध्ये गाडी चालवून न बघताच "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं ऐकायला मिळालं. प्रत्यक्षात बिघाड निघाला कपलरमधल्या, म्हणजे वायरींच्या जोडणीतल्या, दोन हिरवट पडलेल्या पिनांत. म्हणून कळकळीने सांगतो, पाना हातात घेण्याआधी उशीर नेमका कुठे होतोय ते ओळखा.

ऑटोमॅटिकमध्ये कॉम्प्युटर वेग आणि पेडल बघून हुकूम देतो, सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, ऑइलची वाट उघडतो आणि दाबाखालचं ते ऑइल आतल्या क्लच प्लेटा आवळतं. हुकूम उशिरा सुटला, दाब कमी पडला किंवा प्लेटा झिजल्या, तर गिअर उशिरा पडणारच. गाडीत बसून तिन्ही सारखेच वाटतात, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

पहिली चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्येच करा. जागा सपाट हवी आणि समोर कोणी उभं नको. इंजिन गरम, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर घट्ट. रेस न देता न्यूट्रलमधून 'डी' लावा आणि गाडीने हलकी ओढ घेईपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजा. मग न्यूट्रलला आणून मिनिटभर थांबा आणि रिव्हर्सचा वेळ घ्या. असं तीनदा. साधारण सेकंदभर लागणं ठीक, रिव्हर्सला किंचित जास्त. दोन सेकंदांच्या पुढे जात असेल तर ऑइल कमी, फिल्टर चोंदलेला किंवा आतली सीलं कडक झालेली, अशी शंका घ्या.

दुसरी चाचणी रस्त्यावर. रविवारी सकाळी सहाला पूर्व द्रुतगती महामार्ग त्यातल्या त्यात मोकळा असतो. शेजारी बसलेल्याला मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा, तुमची नजर रस्त्यावरच राहू द्या. पेडल हलकं आणि एकसारखं दाबा. घरी येऊन व्हिडिओत एकच गोष्ट बघा: आरपीएम चढताना वेगही त्याच प्रमाणात चढतोय का? चढत असेल तर प्लेटा घसरत नाहीयेत, फक्त हुकूम उशिरा सुटतोय. पॉवर मोड चालू राहिलाय का ते आधी पाहा. मागे माल भरलेला असेल किंवा इंजिन थंड असेल, तर वरचे गिअर उशिराच पडतात, तो दोष नव्हे. इंजिन कितीही चाललं तरी गरमच होत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलेला असू शकतो. मात्र आरपीएम उसळला आणि वेग जागचा हलला नाही, तर क्लच घसरतोय. तिथे थांबा, पुढचं काम रॅम्पवरचं.

आता ऑइल. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे, बहुधा इंजिन गरम आणि चालू ठेवूनच, पातळी बघा. आजकालच्या बऱ्याच पिकअपना डिपस्टिक नसते. तिथे ठरलेल्या तापमानाला चेक प्लग उघडून ऑइलची बारीक धार येते का ते बघावं लागतं, आणि ते काम गॅरेजवाल्याकडूनच करून घ्या. ऑइल भाजेल इतकं गरम असतं. पण एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर मागून घ्या आणि उजेडात धरा. स्वच्छ लाल म्हणजे उत्तम. नुसतं तपकिरी झालं असेल तर बदलायची वेळ आलीय. काळं आणि जळका वास येत असेल तर प्लेटा भाजल्यात. दुधाळ गुलाबी दिसलं, तर आत पाणी गेलंय आणि गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

मुंबईत हे शेवटचं फार होतं. गिअरबॉक्सला हवा घ्यायला ब्रीदरची नळी असते. ट्रॅफिकमध्ये तापलेला बॉक्स साचलेल्या पाण्यात अचानक थंड झाला की आतली हवा आकसते, आणि नळी पाण्याखाली असली तर तिथून पाणी ओढलं जातं. रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटला तरी रंग असाच होतो, म्हणून कूलंटही बघा.

यानंतर गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतात. गिअरबॉक्सचा मॉड्यूल, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, वाचणारा लावायला सांगा. पी०७१५ हा इनपुट स्पीड सेन्सरचा, पी०७२० आउटपुट सेन्सरचा, पी०७५० पासूनचे सोलेनॉइडचे. कोड आला म्हणून लगेच पार्ट बदलू नका. माझ्या गाडीत पी०७२० होता. कलिन्याच्या एका इलेक्ट्रिशियन काकांनी बॅटरीची वायर सोडवली, सेन्सरचा कपलर उपसला, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या आणि वाळवून ग्रीस लावून बसवला. अर्ध्या तासात चौथा गिअर वेळेवर पडायला लागला.

ऑइल बदलायचं ठरलं तर निघालेलं मोजा आणि तेवढंच भरून मग पातळी तपासा. इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच जुनं ऑइल राहतं, त्यामुळे एका वेळी सगळं बदलत नाही. काही दिवसांनी पुन्हा एकदा बदललेलं चांगलं. गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइल चेंबर उतरवला की आतले मॅग्नेट स्वतः बघा. राखाडी मऊ लेप चालतो, धातूचे कण नाहीत. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या. टोयोटा हायलक्सला डब्ल्यूएस ग्रेडचं ऑइल लागतं, ते दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चालेल असं धरून चालू नका. शेवटी स्कॅनरने गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं जुनं शिकलेलं पुसून पुन्हा शिकवायला सांगा, नाहीतर नव्या ऑइलवरही गाडी काही दिवस झटके देईल.

गाडी अडकलीच, तर मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढू देऊ नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आणि आतले भाग कोरडे घासले जातात. टोइंगवाल्याला फोन करतानाच फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा.