वर्गाला शिस्त लागत नाही? आधी या चुका टाळा

शाळा सुरू होऊन महिना उलटतो, तरी रांग धड लागत नाही. वह्या गोळा करताना कलकलाट होतो. घरी ‘आज अभ्यास काय दिलाय?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘माहीत नाही.’ मग शिक्षक म्हणतात, घरी वळण लावलेलं नाही; पालक म्हणतात, शाळेत लक्ष देत नाहीत. पहिली ते चौथीच्या वर्गांबाबत माझं मत स्पष्ट आहे. यातल्या बहुतेक ठिकाणी मुलाला काय करायचं ते सांगितलेलं असतं, पण करून दाखवलेलं आणि करवून घेतलेलं नसतं.

सांगितलं म्हणजे शिकवलं, असं धरून चालणं

‘वह्या जमा करा.’ मोठ्यांच्या लेखी हे एक काम. तेच दुसरीतल्या मुलीच्या बाकाशी उभं राहून बघा. हातातलं लिखाण मध्येच थांबवायचं, पेन्सिल कंपासपेटीत ठेवायची, वही मिटायची, नाव वर येईल अशी धरायची. आता ती पुढच्या बाकावर द्यायची, की उठून टेबलावर ठेवायची? आधी कुठली रांग उठणार? आणि शेवटच्या दोन ओळी लिहायच्या राहिल्या असतील तर? हा शेवटचा प्रश्न आपण आधी सोडवून ठेवत नाही, आणि गोंधळ नेमका तिथूनच सुरू होतो. ज्यांचं लिहून झालेलं नाही ती मुलं वही सोडत नाहीत, मागून आलेल्या वह्या त्यांच्यापाशी अडतात, मागचा ढकलतो आणि ओरडा खातो तो मागचा.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. एका रांगेकडून सगळी कृती सावकाश करवून घ्या, बाकीच्यांनी फक्त बघायचं. ‘लिहून झालं नाही तर वही उघडी ठेवून हात वर करा, मी येऊन घेईन,’ एवढं ठरवून द्या. मग सगळ्या वर्गाकडून करून घ्या. बिघडलं तर सगळ्यांना जागेवर बसवा आणि शांतपणे पुन्हा पहिल्यापासून करवा. आवाज चढला की तो सराव राहत नाही, मुलांना ती शिक्षा वाटते. वर्गात येणं, दप्तर ठेवणं, पाणी प्यायला जाणं, मधल्या सुट्टीतून परतणं, शाळा सुटताना आवरणं, या सगळ्यांना हेच लागू आहे. सुरुवातीचे दोन आठवडे यात गेले म्हणून धडे मागे पडतात ही भीती मला अनाठायी वाटते. वर्षभर रोज दहा मिनिटं गोंधळात गेली तर किती तास वाया जातात, याचा हिशेब कुणी करत नाही. मोठ्या सुट्टीनंतर हा सराव पुन्हा करावा लागतो, हेही गृहीत धरा. मुलं विसरतात, त्यात उद्धटपणा नसतो.

नियमांची यादीही अशीच फसते. भिंतीवर पंधरा नियम आणि त्यांतले बारा ‘करू नका’चे! ‘पळू नका’ ऐकल्यावर मुलाला काय करायचं ते कळत नाही, ‘भिंतीच्या बाजूने चालत जा’ हे कळतं. चार-पाच नियम पुरेत, तेही करायच्या गोष्टींचे.

एका दमात चार सूचना, आणि वाट न बघणं

‘पुस्तकं आत ठेवा, वही काढा, तारीख घाला आणि फळ्यावरचं उतरवून घ्या.’ सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात यातल्या एक-दोन गोष्टी टिकतात. तिसरीपाशी ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, आणि आपण म्हणतो, बघा, बोलायला लागला. एक सूचना द्या, ती होऊ द्या, मग पुढची. क्रम रोजचाच असेल तर फळ्याच्या कोपऱ्यात चित्रांनी काढून ठेवा.

अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांमधल्या प्रश्नोत्तरांचा बारकाईने अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण 1 सेकंदच थांबतात, असं त्यांना दिसलं. ती वाट 3 सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरं लांब आणि विचार करून दिलेली येऊ लागली. सूचना दिल्यावरही एवढी सबुरी दाखवून बघा. बरेचदा दुसऱ्यांदा ओरडायची गरजच पडत नाही.

बिघडल्यावरच लक्ष देणं

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी 1970 साली वर्गांच्या निरीक्षणांवर आधारलेलं काम प्रसिद्ध केलं. सुरळीत चालणारे वर्ग आणि विस्कटलेले वर्ग यांच्यात फरक कुठे होता? मूल चुकल्यावर शिक्षक काय करतात, यात तो फारसा सापडला नाही. तो होता आधीच्या गोष्टींत: शिक्षकाची नजर सगळ्या वर्गावर फिरते का, एका कामातून दुसऱ्यात जाताना खंड पडतो का, मुलं रिकामी बसतात का. म्हणून बदलाच्या वेळा जपा. गणित संपून भाषा सुरू होताना पुस्तक शोधत कपाटाकडे पाठ केलीत, की तेवढ्यात वर्ग हातातून जातो. पुढचं साहित्य आधीच टेबलावर हवं.

एकाच्या चुकीसाठी अख्ख्या वर्गाची मधली सुट्टी बंद करणं तर साफ चुकीचं. ज्याला धावण्याची सगळ्यात जास्त गरज असते त्याचीच सुट्टी जाते, आणि उरलेल्या तासांत त्याची चुळबुळ वाढते.

प्रत्येक गोष्टीला बक्षीस

चांदण्या, स्टिकर, टाळ्या: सुरुवातीला वर्ग उजळतो, मग ‘याला चांदणी मिळणार का?’ हा प्रश्न येतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973चा प्रयोग इथे आठवावा. चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना आधीच प्रशस्तिपत्राचं आमिष दाखवलं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड कमी झाली नाही. एखाद्या मुलाला एकच सवय जड जात असेल तर काही दिवस चांदण्यांचा तक्ता ठेवायला हरकत नाही. तो हळूहळू बंदही करा. त्यापेक्षा ‘आज सांगायच्या आधीच खुर्ची आत सरकवलीस’ अशी नेमकी दखल मला जास्त मोलाची वाटते. नुसत्या ‘शाब्बास’मधून काय बरोबर केलं ते मुलाला कळत नाही.

आणि घरी

पालकांची सगळ्यात मोठी चूक प्रेमापोटी होते: दप्तर आई-बाबा भरतात. मग वर्गात मराठीची वही सापडत नाही, कारण ती कुठल्या कप्प्यात आहे हे मुलाला ठाऊकच नसतं. रात्री झोपायच्या आधी मुलाने वेळापत्रक बघून स्वतः भरावं. तुम्ही शेजारी बसा, हात लावू नका. पहिले काही दिवस वेळ लागेल, एखादी वही राहील. राहिलेली वही घेऊन शाळेत धावू नका. डबा किंवा औषध राहिलं तर गोष्ट वेगळी.

गृहपाठ स्वतः लिहून देणं किंवा खोडून सुबक करून देणं याने शिक्षकांची फसगत होते. मुलाला वजाबाकी जमत नाही हे त्यांना कळायचा मार्गच बंद होतो. अडलं तिथे थांबा आणि ‘इथे अडलं’ असं डायरीत लिहा. शिक्षकांना तेच हवं असतं.

झोपेची तडजोड सकाळी वर्गात दिसते. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 साली 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 9 ते 12 तास झोप सुचवली आहे. सकाळी सहाला उठायचं असेल तर रात्री नऊनंतरचा प्रत्येक कार्यक्रम त्या तासांतून वजा होतो. शाळेत दहा मिनिटं उशिरा पोचणंही किरकोळ नाही. दिवसाची घडी त्याच दहा मिनिटांत बसते, आणि उशिरा आलेलं मूल सगळ्यांच्या नजरा झेलत आत शिरतं.

शाळेचा एखादा नियम पटला नाही तर शिक्षकांशी बोला, जरूर बोला. पण मुलासमोर ‘तुमच्या बाईंचं काहीतरीच असतं’ असं म्हणू नका. उद्या तो नियम पाळायचा असतो मुलाला, तुम्हाला नाही.

एवढं करूनही जमत नसेल तर

आधी घाई टाळा. एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास म्हटलं जातं. संशोधक फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2010च्या लंडनमधल्या अभ्यासात मात्र एक साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला कितीतरी जास्त, आणि ती सगळी मोठी माणसं होती. मधला एखादा दिवस चुकल्याने फार बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. लहान मुलाकडून पंधरवड्यात अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे.

मग आठवडाभर नोंद ठेवा: बिनसतं कधी, कुठे, कशानंतर? खेळाच्या तासानंतरच? डब्याच्या आधी? ठरावीक जोडीदार शेजारी असतानाच? उत्तर हे असेल तर मुलावर काम करण्याऐवजी वेळ किंवा जागा बदला. हीच नोंद पालकांनी घरीही ठेवावी, आणि पालकसभेत ‘तो ऐकतच नाही’ ऐवजी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बोलावं.

सगळ्या तासांना, सगळ्या जागी तेच घडत असेल तर कान आणि डोळे तपासून घ्या. मागे बसून एकही सूचना न पाळणाऱ्या मुलाला ती ऐकूच येत नसण्याची शक्यता असते. सर्दीनंतर कानात द्रव साचून काही काळ कमी ऐकू येणं या वयात नेहमीचं आहे. फळ्यावरचा गृहपाठ रोज अर्धाच उतरवणाऱ्याला चष्मा लागला असू शकतो, आणि लांबचं धूसर दिसतं हे ते मूल स्वतःहून सांगत नाही, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं. तपासणी होईपर्यंत त्याला पहिल्या बाकावर बसवा.