थंडीत ट्रक चालवताय? निदान या चुका तरी टाळा

दिवाळी सरली, ऊसतोड सुरू झाली की माझा फोन पहाटे वाजायला लागतो. बावीस वर्षं स्टिअरिंग धरलं, आता निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघतो. फोनवर दरवर्षी तेच वाक्य: "काका, धुक्यात पुढची गाडी दिसलीच नाही." दिसली नसणार, मान्य. पण दिसत नव्हतं तर साठने का हाणत होतास, यावर पलीकडून आवाज येत नाही.

पाटीवर 80 आहे म्हणून 80

ती पाटी स्वच्छ रस्त्याची आहे. गव्हर्नर, म्हणजे वेगाला लगाम घालणारं यंत्र, 80 ला लॉक आहे, हेही धुक्याला माहीत नसतं.

एकदा कागदावर मांडून बघा. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाणार, मग एअर ब्रेकची हवा चाकाजवळच्या चेंबरपर्यंत पोहोचून लायनर, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या, चाकाच्या ड्रमला धरणार. यात दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 25-30 मीटर खलास. पुढे रस्ता कोरडा आणि ब्रेक ठणठणीत असले तरी भरलेली गाडी आणखी 35-एक मीटर खाते. हवामान खातं 50 मीटरच्या आत दिसणाऱ्याला अति दाट धुकं म्हणतं. त्यात तुम्ही 60 ने चालला असाल, तर पुढच्या गाडीच्या हौद्यातच थांबणार. तीच गाडी 40 ने असेल तर 35-40 मीटरमध्ये उभी राहते.

रस्त्यावर मीटर कोण मोजणार? मी गाड्या मोजायचो. मोठी गाडी साधारण 12 मीटरची. समोर चार गाड्यांइतका रस्ता दिसतोय, तर काटा 40 वर. दोनच गाड्यांइतका दिसतोय, तर वीस-पंचवीस. त्याहून कमी दिसलं की पहिला पेट्रोल पंप किंवा ढाबा गाठायचा आणि झोपायचं. आणि काटा बघायचाच. धुक्यात कडेची झाडं-खांब पुसले जातात, त्यामुळे 60 सुद्धा 40 वाटतात. "अंदाजाने कमीच होती" म्हणणारे सगळे इथेच फसतात.

पुढच्याच्या लाल दिव्यामागे जाणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जास्त राग.

2009 चा जानेवारी. सोलापूरहून मार्केट यार्डाचा कांदा भरलेला. इंदापूर मागे टाकलं आणि भिगवणच्या अलीकडे उजनीच्या पाण्यावरून धुकं असं आलं की बोनेटसुद्धा दिसेना. तेवढ्यात एक ट्रॅव्हल्स पुढे गेली. मला वाटलं, देवच पावला. तिचा लाल दिवा धरून साठने निघालो. क्लीनर म्हणाला, "उस्ताद, थोडं मागं राहू." मी म्हटलं, मागं राहिलो तर दिवा जाईल. भाव सकाळचा मिळवायचा होता ना!

दहा मिनिटांनी ट्रॅव्हल्सने एकदम उजवीकडे कट मारला आणि दिवा गायब. डावीकडे थोडा लालसर उजेड दिसला, म्हटलं हाच तो. ती शेकोटी होती. पंक्चर झालेली उसाची ट्रॉली लेनमध्येच उभी, चाकामागे दगड लावलेला, रिफ्लेक्टरच्या नावाने शंख, आणि ट्रॅक्टरवाला कडेला हात शेकत बसलेला. मी ब्रेकवर उभा राहिलो. उसाची वाढी काच फोडून केबिनमध्ये आली. क्लीनर पोराच्या कपाळाला सात टाके पडले. चूक माझी, टाके त्याला.

मी बघत होतो तो दिवा होता, रस्ता नव्हता. बस तुमच्यापेक्षा हलकी, ती चटकन वळते, चटकन थांबते. तेव्हापासून धुक्यात मी डाव्या कडेची पांढरी पट्टी बघतो, पुढच्याचा दिवा नाही. मार्चपर्यंत सोलापूर, सातारा, बारामती, कुठल्याही रस्त्याला प्रत्येक वळणामागे उसाची ट्रॉली उभी आहे असंच धरून चाला.

आता भराभर.

हाय बीम: धुक्यावर आपटून उजेड तुमच्याच डोळ्यात येतो. डिपर खाली, फॉग लाइट असेल तर तो.

चारही इंडिकेटर लावून चालणं: मागच्याला कळत नाही तुम्ही उभे आहात की चालताय, आणि वळताना इंडिकेटर द्यायचा कुठला? उभ्या राहिलेल्या गाडीसाठी आहेत ते.

"तांबडं फुटलं की निघू": धुकं बहुधा उजाडतानाच जास्त दाटतं. नाश्ता करून निघा. मालक ओरडेल, ओरडू द्या.

काच आतून धूसर होणं: तंबाखू चोळणारे, साबण लावणारे सगळे बघितलेत. दोन बोटं काच खाली करा, ब्लोअर काचेवर सोडा.

दुपारी तापलेल्या टायरची हवा काढणं: दुपार आणि पहाट यांत वीस अंशांचा फरक पडला, तर 120 पीएसआयच्या टायरमधली आठ-नऊ पीएसआय अशीच उतरते. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी बघायची.

केबिनमध्ये शेगडी: काचा बंद करून कोळशाची शेगडी ठेवून झोपाल तर उठणार नाही. त्या विषारी वायूला वासही नसतो.

"थंडीत ड्रम तापत नाहीत"

हे शास्त्र कुणी काढलं देव जाणे. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत उतारच उतार. पहाटे रस्ता मोकळा, गारवा छान, आणि पोरं डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. काही दिवटे तर इंजिनही बंद करतात. मग ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, दोन-चार वेळा ब्रेक दाबला की हवा उतरली, आणि पॉवर स्टिअरिंगही जड. ड्रमला हवामान कळत नाही. पंचवीस-तीस टन वजन फक्त लायनरवर तोलून उतरवलं की जानेवारीतही जळका वास येतो आणि पाय फळीला टेकतो. नोव्हेंबर 2022 मध्ये त्या उतारावर एका ट्रकने पुढच्या गाड्यांची रांगच चेपली. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथेच कंटेनरची धडक होऊन आग लागली, माणसं गेली. तरीही दर आठवड्याला एखादा मला न्यूट्रलचा हिशेब शिकवतो.

हिशेबच करायचा तर नीट करा. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की डिझेल जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं जात राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर डिझेलही घालवताय. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक वापरा. मी बोगद्याच्या आतच गिअर उतरवतो, उतार दिसायची वाट बघत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवोत.

उत्तरेकडचं भाडं घेणाऱ्यांसाठी थोडं. यमुना एक्सप्रेस वेवर हिवाळ्यात वेगाची मर्यादा उतरवतात, जड गाड्यांना 60 पर्यंत. तिथलं धुकं आपल्या उजनीचं थोरलं भावंड आहे, दहा-दहा तास हलत नाही. काश्मीरकडे जाणार असाल तर इथून टाकी फुल्ल करून नेऊ नका. आपल्याकडचं डिझेल तिथे मेणासारखं गोठतं, तिकडचं वाटेत भरा. ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते पाणी, तर उणे 11 ला गोठतं. आणि टाकीखाली बोळा पेटवून डिझेल पातळ करणारा "अनुभवी" भेटलाच, तर त्याच्या शेजारी गाडी लावू नका.