मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ करताय? या चुका टाळा

कास्टिंग करणाऱ्याला, म्हणजे कामासाठी मॉडेल निवडणाऱ्याला, पोर्टफोलिओ (तुमच्या निवडक फोटोंचा संच) बघून एकच गोष्ट ठरवायची असते: ही व्यक्ती शूटच्या दिवशी अशीच दिसेल का? बहुतेक पोर्टफोलिओ इथेच फसतात. फोटो देखणे असतात, पण त्यात खरा चेहरा सापडत नाही.

साधे फोटोच नसणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पोलरॉइड किंवा डिजिटल्स म्हणजे मेकअप, दागिने, रीटचिंग (काढलेल्या फोटोवर नंतर केलेली दुरुस्ती) यांशिवायचे फोटो. स्टुडिओतल्या फोटोंआधी अनेकदा हेच मागितले जातात. काळा, अंगासरशी बसणारा टी-शर्ट आणि जीन्स घाला, मागे पांढरी भिंत ठेवा. चेहरा हसून आणि न हसता, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, पूर्ण उंची समोरून, बाजूने आणि पाठीमागून, एवढे फोटो हवेतच. केस एकदा मोकळे, एकदा मागे बांधलेले.

तोंड खिडकीकडे करा आणि खोलीतले दिवे बंद ठेवा. नाहीतर दोन रंगांचा उजेड मिसळून अर्धा गाल पिवळट, अर्धा निळसर येतो. फोन दोन फुटांवर धरला तर नाक मोठं दिसतं आणि कान मागे गेल्यासारखे वाटतात. म्हणून फोटो काढणाऱ्याने आठ-दहा फूट लांब उभं राहून 2 एक्स झूम वापरावा. पूर्ण उंचीच्या फोटोसाठी फोन बेंबीच्या पातळीवर, सरळ उभा धरावा. तो डोळ्यांच्या उंचीवरून खाली वाकवला की पाय आखूड दिसतात. सेल्फी तर नकोच: काही फोनमध्ये ती आरशासारखी उलटी साठवली जाते आणि गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला जातो.

हे फोटो दर तीन महिन्यांनी नवे काढा. केस कापले, दाढी ठेवली किंवा वजन बदललं, तर त्याच आठवड्यात.

रीटचिंगचा अतिरेक

पुटकुळी काढा, ती चार दिवसांत जाणारच असते. तीळ, व्रण, जन्मखूण मात्र राहू द्या. फोटो मूळ आकारात (100 टक्के झूमवर) बघा: त्वचेची रंध्रं दिसत नसतील तर तो परत पाठवा. रंग उजळवून तर मुळीच घेऊ नका. सावळा चेहरा हवा म्हणून शोधणाऱ्याच्या यादीतून तुम्ही स्वतःहून बाहेर पडता.

संख्या वाढवणं

बारा ते पंधरा फोटो पुरेत. एकाच कपड्यांतले पाच फोटो म्हणजे प्रत्यक्षात एकच फोटो. सगळ्यात दमदार फोटो पहिला, त्याच्या खालोखालचा शेवटी. जड नववधू मेकअपचे दोन-तीन फोटो लावणं टाळा, त्यात मेकअप आर्टिस्टचं काम दिसतं, तुमचं नाही. कुठलं काम हवंय त्यावरून निवड करा. साडी-कुर्त्याच्या कॅटलॉगसाठी कपड्याची घडी आणि तो अंगावर कसा पडतो ते दिसेल असा पूर्ण उंचीचा फोटो लागतो. जाहिरातीसाठी दात दिसणारं मोकळं हसू हवं, आणि ते नवख्यांच्या पोर्टफोलिओत हमखास गायब असतं.

मापं ठोकून देणं

कॉम्प कार्ड म्हणजे मॉडेलचं छापील ओळखकार्ड, ते साधारण ए5 आकाराचं असतं: पुढे चेहरा आणि नाव, मागे तीन-चार फोटो, उंची, मापं, बुटाचा नंबर. उंची अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून मोजा. कंबर सर्वांत बारीक जागी मोजायची, पँट बसते तिथे नाही. नितंब सर्वांत रुंद जागी. टेप त्वचेला टेकावी, रुतू नये. वाढवलेले दोन इंच फिटिंगच्या वेळी उघडे पडतात आणि तोवर कपडे तुमच्या कार्डावरच्या मापांनी आलेले असतात.

फाइल उघडत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्याची फाइल दाबून लहान केली जाते आणि बारकावे जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जेपीईजी एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीनवर चालणारी रंगांची सेटिंग) ठेवा, नाहीतर काही स्क्रीनवर रंग फिके येतात. पीडीएफ 10 एमबीच्या आत बसवा. फाइलच्या नावात कॅमेऱ्याचा आकडा न ठेवता तुमचं नाव, उंची आणि शहर लिहा. ड्राइव्हची लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. परवानगी बंद असलेल्या लिंकमागे कुणी थांबत नाही.

पैसे आणि हक्क

‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा, मगच काम’ असं सांगून आधी पैसे मागणाऱ्याकडून उठून या. एजन्सीने मिळवून दिलेल्या कामातून कमिशन घ्यायचं असतं.

तुम्ही पैसे देऊन शूट करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 नुसार फोटोंचे पहिले मालक तुम्ही असता. म्हणून फोटोग्राफरने सही करायला दिलेला कागद नीट वाचा, त्यात हा हक्क त्याच्याकडे ठेवलेला असू शकतो. दोघांनीही पैसे न घेता केलेल्या शूटमध्ये मालकी साधारणपणे फोटोग्राफरची. तेव्हा ते फोटो कुठे वापरता येतील, किती रीटच केलेले मिळतील आणि किती दिवसांत, हे शूटच्या आधी लेखी ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक स्पष्ट मेसेज आणि त्यावर त्याचं ‘हो’, एवढं तरी जपून ठेवा.